पंचेचाळीस दिवसांची मशीन

दूध संघाच्या साहेबांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला होता. "सकाळी सहाला माझी तीनशे केंद्रं एकदम चालू होतात. तेवढ्याला तुमचं सॉफ्टवेअर टिकंल का?"

"टिकंल की," माझा भागीदार म्हणाला.

"माहीत नाही," मी म्हणाले.

दोघं एकाच बाकावर बसलो होतो आणि दोन्ही उत्तरं एकदमच बाहेर पडली. साहेब हसले. "आधी तुमचं तुम्ही ठरवा, मग या."

भागीदार म्हणजे इंजिनिअरिंगचा माझा वर्गमित्र. तो जवळच्याच ईट गावचा, त्याच्या घरीच दूध संकलन केंद्र. मी भूमची. पुण्यात आठ वर्षं नोकरी केल्यावर घरी परत आले, आणि आम्ही दोघांनी मिळून केंद्रांसाठी सॉफ्टवेअर तयार केलं. शेतकरी दूध घालायला आला की किती लिटर आणि किती फॅट हे काट्यावरून आणि तपासणीच्या यंत्रावरून आपोआप नोंदलं जायचं, आणि लगेच त्याच्या मोबाइलवर मराठीत संदेश जायचा. केंद्रांवर फिरणं त्याचं, प्रोग्राम लिहिणं माझं. तेव्हा आमची अकरा केंद्रं होती, आणि अकराही केंद्रांचं काम माझ्या टेबलाखालच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. त्यावर तीनशे केंद्रांचं काय सांगणार? शिवाय संघाला सगळी नोंद स्वतःच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर ठेवायची होती. म्हणजे चाचणी करायची तर तसल्याच मोठ्या मशीनवर करायला हवी होती. आणि तसली मशीन मी फक्त पुण्यात, काचेच्या दाराआडून पाहिली होती.

चार दिवसांनी मला एका सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीची योजना सापडली. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ते चाचणीसाठी सर्व्हर उसना द्यायचे, पंचेचाळीस दिवस, फुकट. अट एवढीच की मशीन कशी चालली याचा अहवाल लिहून द्यायचा आणि आली तशी परत पाठवायची. मी अर्ज भरला. 'किती माणसं काम करतात' या रकान्यात दोन लिहिलं. 'मशीन कुठे ठेवणार' तिथं घरचा पत्ता टाकला. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

आठवड्यानं बंगळूरहून फोन आला. कंपनीच्या मदत विभागातल्या बाई होत्या. मी फोन स्पीकरवर टाकून समोर वही घेतली. त्या इंग्रजीत विचारत होत्या, मी इंग्रजीत सांगत होते आणि दोघीही अडखळत होतो. एसी आहे का? नाही. जनरेटर? नाही, इन्व्हर्टर आहे. खोली कुठल्या मजल्यावर? मजला एकच आहे. बाई शेजारी बसलेल्या कुणाला तरी हळूच म्हणाल्या, "हळ्ळी अद."

स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तिथूनच तिचा आवाज आला, "हळ्ळी अल्ल, तालूक अद!"

खेडं नाही, तालुका आहे.

बाई मोठ्यानं हसल्या, आणि कन्नडमध्ये भराभरा काहीतरी बोलल्या. आई पिठाच्या हातानं बाहेर आली आणि माझ्या वहीपुढं बसली. पुढची वीस मिनिटं मला त्या फोनवर काहीही काम उरलं नाही.

माझ्या आईचं माहेर उमरग्याकडचं, सीमेवरचं. तिच्या घरी कन्नड बोलायचे, दुकानात मराठी. लग्न होऊन ती भूमला आली तेव्हापासून घरात कन्नड बोलायला कुणी नव्हतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चार शब्द यायचे तेही सासुरवाडीत जेवताना लागणारे. मला समजायचं थोडं, बोलता यायचं नाही. आई माहेरी फोन करायची, पण मामाच्या घरातसुद्धा आता मुलंबाळं मराठीच बोलतात. आणि या फोनवरच्या बाई निघाल्या आळंदच्या, उमरग्यापासून हद्द ओलांडली की लागतं ते आळंद. बंगळुरात त्यांच्या कन्नडला लोक हसायचे, गावंढळ म्हणायचे, असं त्यांनी आईला पहिल्याच फोनवर सांगितलं. आईनं ते मला असं सांगितलं की जणू तिच्या सख्ख्या बहिणीचाच कुणी अपमान केला होता.

फोन ठेवताना आई म्हणाली, "मशीन पाठवते म्हणाली. पण खोली गार पायजे आन रोज किती गरम होतंय ते लिहून ठेवायचं."

"हे तू कधी विचारलंस?"

"तिनंच सांगितलं. तू मधी मधी इंग्रजी बोलत होतीस ना, म्हणून सांगता येत नव्हतं तिला."

मशीन ट्रान्सपोर्टनं धाराशिवपर्यंत आली. तिथून पुढं आणायला भागीदार दुधाचे कॅन वाहायचा पिकअप घेऊन गेला. आईनं त्याच्याबरोबर दोन गोधड्या दिल्या होत्या. खोकं उतरवताना तो आणि अण्णा दोघं लागले. आत चपटी, लांबलचक, राखाडी मशीन होती. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, भूमच्याच स्टँडवर त्यांची बरीच नोकरी झाली. कुठलीही गाडी आधी चहूबाजूंनी बघायची सवय. "पाठीमागं पंखेच पंखे हायत की," ते म्हणाले.

ते पंखे काय करतात हे सुरू केल्यावर कळलं. असा काही आवाज निघाला की आई दाराबाहेर गेली आणि शेजारच्या काकू काय झालं म्हणून आल्या. दोन मिनिटांनी तो उतरला, पण पूर्ण कधीच थांबला नाही. बोलायचं तर दार लावून घ्यावं लागायचं.

आधी आम्ही तिला माझ्या खोलीत ठेवलं. तिथं वरून पत्रा. दुपारी आईनं भिंतीवर थर्मामीटर टांगला आणि आकडा वाचून ती देवघराचं दार उघडून उभी राहिली. "इथं ठेवा." देवघर म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात गार जागा, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, उत्तरेची खिडकी. महादेवाची पिंड एका कोनाड्यात सरकली आणि मशीन तिच्यासमोर टेबलावर आली. आईनं पूजा झाल्यावर तिलाही विभूतीची तीन बोटं ओढली. मी म्हटलं, "आई, उसनी आहे ती." ती म्हणाली, "मग? पाहुण्याला लावत न्हाय का आपण?"

तिथून पुढं दिवसातून तीन वेळा, सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला, ती थर्मामीटर बघून कॅलेंडरच्या त्या त्या दिवसाच्या चौकटीत आकडे लिहायची. आकडे कन्नडमधले. शाळेत चौथीपर्यंत ती तेच शिकली होती. मला ते वाचता यायचे नाहीत, त्यामुळे अहवालात भरताना तिला शेजारी घेऊन बसावं लागायचं.

चाचणी अशी होती. मी लॅपटॉपवर दुसरा एक प्रोग्राम लिहिला, जो खोटी केंद्रं तयार करायचा. प्रत्येक खोटं केंद्र खऱ्यासारखंच दूध मोजायचं, नोंद पाठवायचं, पुढच्या शेतकऱ्याला हाक मारायचं. आधी पन्नास, मग शंभर, मग वाढवत न्यायचं. पहाटे हवा गार असताना मी चाचणी सुरू करायचे. पन्नास नीट गेली. शंभरही गेली. मी भागीदाराला फोन करून तसं सांगितलं आणि तो ईटहून पेढे घेऊन आला. त्याच्यासमोर एकशेचाळीस सुरू केली, आणि सगळं ठप्प झालं. नोंदी येईनात. पडद्यावर नुसती रांग वाढत गेली. पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर राहिला.

पुढचे दहाबारा दिवस असेच गेले. मी काहीही बदललं तरी एकशेतीस-एकशेचाळीसच्या पुढं गाडी जाईना. मला खात्री होती की मशीनमध्येच काहीतरी आहे. उष्णतेनं मंदावत असेल, नाहीतर विजेच्या कमीजास्त दाबानं. मी बंगळूरच्या बाईंना तसं लिहिलंसुद्धा, जरा फटकळपणे. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी मशीनची सगळी आतली नोंद तपासली होती. शांतपणे म्हणाल्या, मशीन तर बसून आहे. दहा भागांतला एक भागसुद्धा काम करत नाही. तुमचं सॉफ्टवेअर तिला काम देतच नाही.

असं कुणी सांगितलं की माणूस आधी रागावतो. मी फोन आईकडं दिला आणि अंगणात जाऊन बसले.

अण्णा तिथं शेवग्याच्या शेंगा काढत होते. "काय झालं गं?"

मी सांगितलं. त्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही, म्हणून अगदी पहिल्यापासून सांगावं लागलं. शेतकरी येतो, दूध मोजलं जातं, नोंद होते, त्याला संदेश जातो, संदेश गेल्याचं उत्तर येतं, मग पुढचा माणूस.

अण्णा थांबले. "संदेश पोचस्तवर पुढचा मानूस थांबतो व्हय?"

"हो. एखाददुसरा सेकंद लागतो."

"का?"

"मी तसंच लिहिलंय," मी म्हणाले.

"आमी स्टँडवर गाडीची नोंद घ्यायचो, टाइम टाकायचो आन सोडून द्यायचो," अण्णा म्हणाले. "गाडी मुक्कामाला पोचली का न्हाय हे बघत बसलो असतो तर दुसरी गाडी हललीच नसती. पोचल्याचं त्या गावचा माणूस बघतो. न्हाय पोचली तर सांगतो."

मी उठून आत गेले. आई अजून फोनवर बोलत होती.

अकरा केंद्रांवर तो एखाददुसरा सेकंद कुणालाच जाणवला नव्हता. तीन वर्षांपूर्वी मीच तसं लिहिलं होतं आणि पुन्हा कधी तिकडं बघितलं नव्हतं. आता नोंद वेगळी काढायची, संदेश वेगळे काढायचे, आणि एखादा संदेश अडकला तर तो पुन्हा पाठवायची सोय करायची. म्हणजे निम्मं सॉफ्टवेअर उलगडून परत विणायचं. मशीनचे दिवस संपायला दोन आठवडे उरले होते. संध्याकाळी मी बंगळूरला दोन ओळी लिहिल्या. चूक माझीच होती, तुमच्या मशीनला बोल लावला, माफ करा. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. रोज कुणी ना कुणी लावतंच, माफी मात्र पहिलीच आहे.

काम होईना. मे महिना लागला होता. दुपारी वीज जायची, इन्व्हर्टर वीस मिनिटं टिकायचा, तेवढ्यात मी मशीन नीट बंद करायचे. दोनदा चुकलं आणि ती धाडकन बंद पडली. प्रत्येक वेळी मला वाटलं, गेली. प्रत्येक वेळी ती गुरगुरत उठली. आई ओल्या पोत्यांचे पडदे करून खिडकीला लावायची. मुदत संपायला पाच दिवस उरले तेव्हा मी पंधरा दिवस वाढवून मागायला फोन केला.

बाई म्हणाल्या, "वरचे विचारतील, हे लोक पुढं मशीन विकत घेणार आहेत का? मी काय सांगू?"

भागीदार समोरच बसला होता. त्यानं मान हलवून खूण केली, हो म्हण.

"आम्ही घेऊ शकत नाही," मी म्हणाले. "दूध संघ घेईल कदाचित, पण मी शब्द देऊ शकत नाही."

तेवढ्यात आईनं हात पुढं केला आणि मी फोन दिला. मला धास्ती वाटली, की ही आता गळ घालणार, आणि मग त्या बाईंना नाही म्हणणं अवघड होणार. पण आईनं मशीनचा विषयच काढला नाही. "ऊटा आतेन?" तिनं विचारलं. जेवण झालं का? बाई काहीतरी म्हणाल्या. मग आई बराच वेळ नुसती ऐकत होती, मध्ये मध्ये हुंकार देत. फोन ठेवल्यावर तिनं सांगितलं, की त्यांची आई मागच्या वर्षी गेली आणि बंगळुरात आता त्यांना असं विचारणारं कुणी नाही.

"आणि मुदतीचं?" भागीदारानं विचारलं.

"ते तिच्या हातात असंल तर ती करंल. नसंल तर कशाला तिला लाजवायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मुदत वाढल्याचं पत्र आलं. बाईंनी कारण लिहिलं होतं ते मला नंतर कळलं. इतक्या उष्णतेत आणि इतक्या वेळा वीज जात असताना ही मशीन घरगुती खोलीत कशी चालते याची रोज तीन वेळची नोंद आपल्याला दुसरीकडून मिळणार नाही, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं होतं. आईच्या कॅलेंडरवरचे आकडे त्यांच्या कंपनीतल्या लोकांनी मागवून घेतले. कॅलेंडरचे फोटोच पाठवले आम्ही. कन्नड आकडे वाचणारे तिथं होतेच.

वाढीव मुदतीच्या नवव्या दिवशी पहाटे तीनशे केंद्रं चालली. मी एकटीच होते. आकडा तीनशेवर गेला, रांग वाढली नाही, नोंदी पडत राहिल्या आणि त्यांच्या मागून संदेश आपल्या वेगानं जात राहिले. मशीनचे पंखे पहिल्यांदाच चढले, म्हणजे आता तिला खरोखर काम होतं. मी तीनशेचाळीसपर्यंत नेलं. मग आईला उठवायला गेले तर ती दारातच उभी होती, आवाज बदलला म्हणून उठून आली होती.

पुढच्या आठवड्यात संघाचे साहेब घरी आले. देवघराच्या उंबऱ्याशी चपला काढून आत गेले, पडदा बघितला, रांग बघितली. मी पहिल्या दिवसांतली फसलेली चाचणीही दाखवली. भागीदाराच्या चेहऱ्यावर ते नको होतं असं दिसत होतं. साहेबांनी विचारलं, "मशीन तुमची?"

"उसनी आहे. येत्या शनिवारी परत जाणार."

ते जरा हसले. चहा घेतला, आईला नमस्कार केला आणि गेले. तीनशे केंद्रं काही मिळाली नाहीत. चाळीस मिळाली, तीही संघाकडं पडून असलेल्या एका जुन्या सर्व्हरवर. संघाचं तसं पत्र वाचून भागीदार दिवसभर नाराज होता. मीही होते, पण रात्रीच्या जेवणापर्यंत निवळले. चाळीस म्हणजे अकराच्या जवळजवळ चौपट. आणि चाळीसाला काय होतं, एकशेचाळीसाला काय होतं, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत होतं.

मशीन परत भरायच्या दिवशी आई सकाळपासून कामात होती. विभूती ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या फडक्यानं. माळ्यावरचं खोकं खाली काढलं तर एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेलं. अण्णांनी तिथं आतून पुठ्ठा लावून दोरानं घट्ट बांधलं, गाठी तीन-तीनदा ओढून बघितल्या. पिकअप वळून गेला तसं घर एकदम गप्प झालं. आम्ही तिघंही जेवताना मोठ्यानं बोलत होतो, दोन महिन्यांची सवय. अण्णांच्याच ते आधी लक्षात आलं.

कंपनीला आमच्याकडून काही मिळालं नाही, याची मला बरेच दिवस टोचणी होती. तसं मी एकदा फोनवर बाईंना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "ती मशीन लोकांकडं जाण्यासाठीच आहे. इथं कपाटात ठेवली तर तिचा काय उपयोग?"

त्यांचे आणि आईचे फोन चालूच राहिले. आता त्यात मला मध्ये घ्यायचं काही कारण नव्हतं. श्रावणात आईनं जाहीर केलं, की पंचमीला ती माहेरी जाणार. बऱ्याच वर्षांत गेली नव्हती. आळंदच्या त्या बाईही पंचमीला माहेरच्या गावी येणार होत्या. आई गेली, तिच्याबरोबर मी गेले, आणि पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मामाच्या घरी त्या आल्या, हद्दीपलीकडून जीपमधून, भाचीला बरोबर घेऊन.

माझ्या डोळ्यांसमोर काचेच्या ऑफिसातली तरतरीत कुणीतरी होती. आल्या त्या चाळिशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कपाळाला विभूती, हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. आई अंगणातच पुढं गेली. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि एकदम बोलायला लागल्या, कुणी कुणाचं ऐकतंय असं वाटेना. मामी त्यांच्याकडं बघत राहिली. त्या घरात इतकं कन्नड कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

जेवताना त्यांनी मला सांगितलं, की आमच्यानंतर ती मशीन एका छोट्या कॉलेजात गेली. तिथली मुलं तिच्यावर पावसाचा अंदाज काढायचा प्रोग्राम चालवून बघत होती. खोक्याची दोरी सोडवायला मात्र त्यांना अर्धा तास लागला, असं त्या म्हणाल्या, आणि ताटात आणखी एक पुरणाची पोळी वाढून घेतली.